दिव्यांग अनुदान चालू आहे आणि घरबसल्या अर्धवेळ काम मिळतंय. घ्यावं का? (मराठवाड्यातल्यांनी जरूर सांगा)

सोनपेठकरीण

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातली आहे, वय ३१. लहानपणापासून दोन्ही पायांत ताकद नाही, यूडीआयडीवर (दिव्यांगांचं ओळखपत्र) ८० टक्के, निळं कार्ड. घरात मी आणि आई. आई रोजंदारीनं जाते; कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, जे मिळेल ते. मला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १,५०० चे २,५०० झाले.

बी.ए. केलंय, मराठी टायपिंग हातात बसलंय. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम सांगून आलंय. लोकांचं बोलणं ऐकून लिहून काढायचं, आणि मशीननं लिहिलेलं असेल तर ते तपासायचं. आपल्या भागातली बोली त्या मशीनला कळत नाही म्हणे, "करायलोय", "जायलाव" आलं की काहीही लिहितंय. रोज तीन तास, महिन्याला साधारण ६,००० पडतील.

गावात ज्याला विचारलं तो म्हणतो, "काम धरलं की अनुदान गेलं समज." एकजण तर म्हणाला टक्केवारीच कमी करतील, काम करतीय म्हणजे चांगली झाली. आई म्हणते सरकारचं धरून ठेव, कंपनीचं काय, आज आहे उद्या नाही. कुणाला खरी माहिती आहे का?

मांजराकाठ

ताई, लातूरकडं सेतू केंद्र चालवतो, रोज हेच बघायलोय. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, लोक एकात एक कालवतात.

टक्केवारीचं आधी. ती डॉक्टर ठरवतात, शरीराची मोजणी करून. तुम्ही किती कमावता याचा तिथं रकानाच नाही. प्रमाणपत्र कायमचं असेल तर काम केलं म्हणून कुणी परत बोर्डापुढं बोलवत नाही. तात्पुरतं असेल तर त्यावर तारीख असते, ती आली की जावं लागतं, मग काम करा न करा. हे डोक्यातून काढून टाका.

दुसरं, संजय गांधी निराधारमध्ये "काम करू नये" अशी अट नाही. अट उत्पन्नाची आहे. बाकीच्यांना कुटुंबाचं वर्षाचं २१,०००, दिव्यांगांना ५०,०००. त्यात तुमचं काम आणि आईची मजुरी सगळं आलं.

तिसरं, तुमचे पैसे नक्की कोणत्या योजनेतून येतात ते पासबुकात बघा नाहीतर तहसीलला विचारा. ८० टक्क्यांवर आहात आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनात टाकलेलं असू शकतं. त्यात ३०० केंद्राचे आणि वरचे राज्याचे. खात्यावर सगळं मिळून तेवढंच दिसतं, पण तिथं यादीतलं नाव महत्त्वाचं.

खरं_बोलतो

सांगायचंच कामून? घरात बसून कानाला हेडफोन लावला तर कुणाला कळतंय. आमच्या गावात दहा एकर बागायतवाला निराधार खातोय.

मांजराकाठ

भाऊ, ते दहा एकरवाले पकडले जात नाहीत हे खरं. पण या ताईंचं काम रोखीचं नाही. कंपनी पॅन घेणार, पैसे बँकेत टाकणार, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर आयकर खात्याच्या नोंदीत दिसणार. अनुदान आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतं, बहुतेक दोन्ही एकाच खात्यात पडणार.

आणि उत्पन्नाच्या दाखल्याला जे स्वयंघोषणापत्र देतो ना, त्यावर सही करताना कुणी वाचत नाही. खोटी घोषणा केली तर गुन्हा, असं त्यातच छापलंय. आधी भादंविची १९९, २०० कलमं होती, आता न्याय संहितेची २३६, २३७. शिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ९१: दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीनं घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी दोन हजारांसाठी लगेच आत टाकत नाही हे मलाही माहीत आहे. पण गावात वाकडं आलेला माणूस एक अर्ज टाकतो आणि मग वसुलीची नोटीस येते. ती बघितलीय मी.

हिशोबी_मास्तर

निवृत्त शिक्षक, उदगीर. कायद्याचं वर आलंच आहे, मी फक्त हिशोब मांडतो. बेटा, वही काढ.

आधी घरात दुसरी कमाई नाही असं धरू. मर्यादा ५०,०००, म्हणजे महिना ४,१६६. महिना ४,००० चं काम केलंस तर वर्षाचे ४८,००० अधिक अनुदानाचे ३०,०००, एकूण ७८,०००. आता काम वाढवून ६,००० केलंस. वर्षाचे ७२,००० झाले, अनुदान गेलं. म्हणजे जास्त राबून सहा हजारांनी गरीब झालीस! हा खड्डा ८०,००० पर्यंत आहे. महिना ६,६६७ मिळाले की तू जिथं होतीस तिथंच परत येतेस.

आता तुझं घर. आईच्या दाखल्यावर किती आहे? बहुधा २१,००० असेल, कारण आपल्याकडं प्रत्येकाच्या दाखल्यावर २१,०००च असतं, हा एक स्वतंत्र चमत्कार आहे. ते खरं धरलं तर तुझ्या वाट्याला २९,००० उरतात, महिना २,४१६. तेवढंच काम केलंस तर घरात आई २१, तू २९, अनुदान ३०, एकूण ऐंशी हजार. पूर्ण ६,००० चं केलंस तर आई २१ आणि तू ७२, एकूण ९३ हजार, अनुदान शून्य. आज तुमच्याकडं ५१ हजार येतात.

मधलं काही करू नकोस. महिना अडीच ते पाच हजारांच्या मधे कुठंही थांबलीस तर तोट्यात. एकतर त्या रेषेखाली रहा, नाहीतर चांगली वर उडी मार.

सोनपेठकरीण

मास्तर, दाखल्यावर २१,०००च आहे. 😅 खरं म्हणजे आईला तेवढेही मिळत नाहीत. पावसानं सोयाबीन गेलं की काढणीच नसते.

देगलूर_नाका

आमच्याकडं सीमेवर हा विषय रोजचाच. पलीकडं तेलंगणात दिव्यांगांना २०२३ पासून ४,०१६ मिळतात. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक इकडं दिलेली, एक तिकडं. दोघींना पोलिओ. राखीपौर्णिमेला आल्या की पहिला विषय पेन्शन. धर्माबाद, बिलोलीकडची गावं तेलंगणात जातो म्हणत होती ती उगाच नाही.

अजून एक, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की तशाच योजनेत इतरांना जेवढं देता त्यापेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्या. कायदा २०१६ चा. आपल्याकडं २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत विधवा, निराधार, दिव्यांग सगळ्यांना एकच रक्कम होती.

करदाता_७१

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. रोज तीन तास काम करून सहा हजार कमावणाऱ्या माणसाला निराधार म्हणायचं का? आमच्या खिशातून जातंय हे. राग नसावा.

वाळूजचा_फिटर

राग कशाला. मी सांगतो तुम्हाला.

माझा उजवा हात वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये गेला, चार बोटं. कंपनीचं नाव घेत नाही. मला ईएसआयसीचं (कामगार विमा) आयुष्यभराचं पर्मनंट डिसेबलमेंट बेनिफिट, म्हणजे कायमच्या अपंगत्वाचा लाभ, लागू झालं. मेडिकल बोर्डानं कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं, त्या हिशोबानं पगाराच्या ९० टक्क्यांतला वाटा दर महिन्याला येतो. मी परत कामाला लागलो तरी ते बंद झालं नाही. कायद्यातच तसं आहे. जखम भरेपर्यंतचं तात्पुरतं असतं ते मात्र कामावर गेलात त्या दिवसाचं मिळत नाही. कायमचं चालूच राहतं, कारण बोटं काही परत येत नाहीत.

म्हणजे मशीनमध्ये हात गेला तर सरकार म्हणतं, तू कमव, हे तुझ्या हाताचं. आणि जन्मापासून पाय नसतील तर म्हणतं, कमावलंस ना, मग हे बंद. करदाते साहेब, यातलं कोणतं बरोबर ते तुम्हीच सांगा. आणखी एक गंमत. ईएसआयसीला पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००. निराधारला २१,००० वर्षाला. आकडा तोच.

करदाता_७१

ईएसआयला कामगाराच्या पगारातून वर्गणी कापतात, तो विमा आहे. निराधार म्हणजे मदत. दोन्हीत फरक आहे. पण जन्मापासूनच्या माणसाला वर्गणी भरायची संधीच मिळत नाही, हा मुद्दा मान्य.

किनवटचा

माझा विषय थोडा वेगळा. मला सिकलसेल आहे. आमच्या किनवट-माहूर पट्ट्यात आदिवासी समाजात हा आजार बराच आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, त्यात आमचं नाव आलं. पण बघणाऱ्याला मी धडधाकट दिसतो. महिन्यातले काही दिवस एकदम चांगला, मग एकदम दुखणं उठतं. सांधे, पाठ, छाती. तेव्हा पाणी घ्यायला उठता येत नाही.

मी बिलांच्या नोंदी करून देतो, दोन दुकानांच्या. घरबसल्या कामाचा फायदा पैशापेक्षा हा आहे की दुखणं उठलं तर कुणाला तोंड द्यावं लागत नाही. रात्री दोनला करतो, पहाटे करतो. पण हिशोब असा की एखाद्या महिन्याला ५,००० येतात, पुढच्या दोन महिन्यांना ८०० सुद्धा नाहीत. दाखला वर्षाचा असतो म्हणून वर्षाची बेरीज मर्यादेच्या आत बसते. ताई, महिन्याचं बघू नका, वर्षाचं बघा. आणि दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, मार्चअखेरपर्यंतचं. आज सुरू केलं म्हणून उद्या काही बंद होत नाही.

जालन्याची_जिजी

कंपनीचं नीट बघून घ्या गं बाई. माझ्या भाच्याला "घरबसल्या डेटा एन्ट्री" म्हणून फसवलं. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे घेतले, मग इतकी पानं पाच दिवसांत, मग म्हणे अचूकता कमी भरली, करार मोडला, आणि व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस! पोरगं चाकाच्या खुर्चीवर, घाबरून जेवेना. ती नोटीस निव्वळ धमकी होती. पैसे मागितले असतील तर १९३० ला फोन लावा लगेच. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

सोनपेठकरीण

नाही जिजी, पैसे मागितले नाहीत. उलट चाचणीच्या कामाचे ३५० रुपये खात्यावर आले. तासभराच्या आवाजाला चार तास लागले मला. एक आजोबा बोलत होते, मागं टीव्ही, कोंबडा आणि कुणीतरी भांडी घासायलंय.

पांढरी_काठी

नांदेड. पूर्ण अंध, बी.एड. नोकरीची वाट बघत शिकवण्या घेतो आणि असंच ऐकून लिहायचं काम करतो.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, फुकट आहे, मराठी वाचतं. वाचतं म्हणजे कसं, "ळ" आणि जोडाक्षरांवर अडखळतं, पण सवय होते. आता कसं काम करतो ते सांगतो, कारण लोक विचारतात आणि मग विश्वास ठेवत नाहीत. एका कानात ज्याचं लिहायचं तो आवाज, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर मी टाइप केलेलं अक्षर अक्षर बोलतो. एफ आणि जे वर बोटं ठेवली की कीबोर्ड आपला. थांबवायला आणि पाच सेकंद मागं न्यायला मी कळा ठरवून घेतल्यात, त्याशिवाय हे काम होणार नाही. ताईंनी पण तसंच करावं, माउसला हात लावायचाच नाही. वेळ निम्मा होतो.

टीडीएस १० टक्के कापतील कदाचित. तुमच्या उत्पन्नावर कर बसतच नाही, रिटर्न भरा, परत मिळतो. पण रिटर्न भरलं म्हणजे आकडा सरकारकडं गेला, हे लक्षात ठेवूनच उत्पन्नाच्या दाखल्याला खरं सांगा. दोन कागदांवर दोन आकडे नकोत.

पिको_फॉल

मी केजकडची. डाव्या पायाला पोलिओ, ५५ टक्के. पिको-फॉल, ब्लाऊज, गोधड्या. कुणी काम म्हणतच नाही याला, "घरी बसून करतीय" म्हणतात.

मला एक कोडं पडलंय ते मांडते. लाडकी बहीणला घराचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. दिव्यांग महामंडळाकडून फिरत्या दुकानाची गाडी मिळते, तिलाही अडीच लाख. आणि ज्या बाईला पाय नाही, तिचं घर पन्नास हजारांच्या वर गेलं की संपलं. निराधारचे १,५०० किंवा जास्त घेत असाल तर लाडकी बहीण मिळत नाही, ते बरोबर, दोन्हीकडून कशाला. पण मर्यादा तरी एक ठेवा ना. मर्यादा वाढवली असती तर या ताईला इथं विचारायची वेळच आली नसती. २,५०० वाढवल्याचे बॅनर लागले, पन्नास हजारांचं कुणी बोलत नाही. माझं तर म्हणणं, पाचशे कमी वाढवा पण मर्यादा वाढवा.

खरं_बोलतो

आक्का, हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललीस.

मांजराकाठ

मर्यादेचं निवेदन दिव्यांग संघटना देतच असतात. २०२२ च्या ३ डिसेंबरला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता होईल. निराधार मात्र सामाजिक न्यायकडं आणि राबवायचं महसूलनं. फाईल कुणाच्या टेबलावर हेच कळत नाही.

तोवर उत्पन्नाशी न अडकलेलं तरी घ्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून, म्हणजे बसूनच, विचारा: यंदाचे पाच टक्के कुठं गेले? बऱ्याच ठिकाणी रॅम्पच्या नावावर काढतात आणि रॅम्प असा की शेळी चढणार नाही. झेडपीच्या समाजकल्याणकडं सेस फंडातून झेरॉक्स मशीन, पिठाची गिरणी असलं काही निघतं. त्यांना विचारा, तुमच्या कामाला लागतील अशा वस्तू यंदा यादीत आहेत का.

सोनपेठकरीण

सगळ्यांचे आभार. आईला मास्तरांचा हिशोब वाचून दाखवला. ती म्हणाली, "तेरा हजारांसाठी सरकारचं सोडायचं का?" मी म्हणाले तेरा नाही, माझे स्वतःचे बहात्तर. मग ती गप्प बसली, पण पटलं असं वाटत नाही.

कंपनीला फोन केला. सुरुवातीला आठवड्यातले दोन-तीन दिवसच काम द्या म्हटलं, महिना २,४०० च्या आत बसेल एवढं. त्या मॅडम म्हणाल्या चालेल, बरेच जण तसंच करतात. या मार्चपर्यंत असं करते. पैसे वेळेवर देतात का, काम टिकतं का ते कळेल. टिकलं तर एप्रिलपासून पूर्ण घेईन आणि तहसीलला आपणहून लेखी कळवीन. अनुदान सोडल्याचा अर्ज कसा असतो ते मांजराकाठ दादांना तेव्हा विचारीन.

एक शंका राहिली. पुढं काम गेलं तर परत अनुदान सुरू होतं का?

मांजराकाठ

होतं, पण नव्यानं अर्ज. नवा उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी, रेशनकार्ड, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, मग समितीची मंजुरी. समितीची बैठक कधी होईल ते समितीलाच माहीत, मधे निवडणूक लागली की आणखी पुढं. मंजूर झाल्यावरच पैसे, मागचे मिळत नाहीत. म्हणून पूर्ण काम घ्याल तेव्हा आधी सहा महिन्यांचे १५,००० बाजूला पडलेले असू द्या. दाखल्याला वेळ लावला तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली अपील करता येतं, पोचपावती मात्र जपून ठेवा. अनुदान सोडल्याचा अर्ज देताना पण पोच घ्या, नाहीतर नाव यादीत राहतं, पैसे येत राहतात आणि वसुली तुमच्यावर.

आणि तोवर दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. अर्ध्या लोकांचं अनुदान उत्पन्नानं नाही, त्यानंच अडकतं.

किनवटचा

१५,००० बाजूला टाकायचा सल्ला भारी आहे, पण पन्नास हजारांच्या मर्यादेत राहून ते टाकायचे कसे हेही सांगा दादा. 🙂

हिशोबी_मास्तर

बेटा, मार्चपर्यंतच्या २,४०० तून काढायचे आणि अनुदान आईच्या हाती द्यायचं. सहा महिन्यांत नाही झालं तर वर्ष थांबायचं. कंपनी तेवढी थांबते का हे आधी विचारून घे.

सोनपेठकरीण

विचारते. पिको_फॉल ताई, एक विचारू? एका पायानं मशीन कसं चालवता? शेजारच्या वहिनींना अर्धांगवायू झालाय, त्यांना शिवणकाम येतं पण मशीन बंद पडून आहे.

पिको_फॉल

खालचा पायटा काढून टाकायचा आणि मोटर बसवायची. मोटरचं पेडल जमिनीवर ठेवायचं नाही. मी मशीनच्या उजव्या बाजूला मांडीच्या उंचीवर एक फळी ठोकून घेतलीय, पेडल तिच्यावर, कोपरानं दाबते. पहिले काही दिवस टाका धावतो, कापड पळतं. म्हणून पेडलच्या खाली रबराचा तुकडा घालायचा, मग पूर्ण दबत नाही. वहिनींची कोणती बाजू गेलीय? उजवी असेल तर फळी डावीकडं घ्यावी लागेल आणि मोटरची वायर लांब. सुताराला आधी मशीन दाखवा, मापं फोनवर सांगू नका.